'आपल्याकडे'चा दंड

रोमला जायचं पक्कं झालं त्या रात्रीच मी घरात एक नियम जाहीर केला. तिकडे गेल्यावर 'आपल्याकडे' हा शब्द कुणी वापरायचा नाही. जो वापरेल त्याने पन्नास सेंट दंड भरायचा, लगेच, तिथल्या तिथे, आणि पैसे लिमलेटच्या रिकाम्या डबीत टाकायचे. याला कारण होतं. मागे एकदा नातेवाइकांच्या मोठ्या लटांबराबरोबर दुबईला गेलो होतो तेव्हा पाच दिवस 'आपल्याकडे हेच तीस रुपयाला मिळतं' आणि 'आपल्याकडच्या चहाची सर नाही' हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते, आणि माझी पोरं मोठी होऊन अशीच काकालोक होणार की काय अशी धास्तीच बसली होती.

आम्ही चौघं. मी, नवरा, थोरली अकरा वर्षांची आणि धाकटा सात. राहतो पुण्यात, पण माहेर सासर दोन्ही कोल्हापूर, त्यामुळे सुट्टी लागली की गाडी आपोआप तिकडेच वळते. या मे महिन्यातही रोमच्या आधी चार दिवस कोल्हापूरला गेलो आणि तिथे माझ्या वडिलांनी माझ्या प्लॅनिंगची पार वाट लावली. माझी एक्सेल शीट तयार होती हो, रंगीबेरंगी, तासातासाची. वडिलांनी ती मोबाईलवर बघितली, चष्मा काढला आणि म्हणाले, "हे राहू दे. पोरांनो, रोमला जायचंय न्हवं, मग आधी टाऊन हॉलला चला."

कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये पितळेसारखा दिसणारा, वीतभर उंचीचा एक दाढीवाला माणूस आहे. ब्राँझचा. हा पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव, रोमन लोक त्याला नेपच्यून म्हणायचे. पंचगंगेच्या काठावर ब्रह्मपुरीची टेकडी आहे, तिथे १९४०च्या दशकात खोदकाम झालं तेव्हा रोमन बनावटीच्या बऱ्याच वस्तूंबरोबर हा सापडला. म्हणजे जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी तो भूमध्य समुद्र, तांबडा समुद्र, अरबी समुद्र आणि वर सह्याद्रीचा घाट एवढं सगळं ओलांडून कोल्हापुरात येऊन राहिला होता. वडील हे रंगवून सांगत होते, आणि धाकट्याने काचेला नाक लावून विचारलं, "एवढासाच?"

मग खासबाग. कुस्तीचं मैदान पोरांनी आधी बघितलं होतं, पण तिथे वडिलांनी परत एकदा सांगितलं की शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी युरोपला गेले, तिकडे रोमचं कलोसियम बघितलं आणि मनात घेतलं की माझ्या गावातल्या पैलवानांनाही असं मैदान पाहिजे, ज्यात कुठेही बसलं तरी कुस्ती दिसली पाहिजे. १९१२ला खासबाग उभं राहिलं. कोल्हापुरातला कुणीही माणूस ही गोष्ट तुम्हाला न विचारता सांगेल. मी मात्र मागे उभी राहून घड्याळ बघत होते, कारण युरो बदलून घ्यायचे राहिले होते.

रोममध्ये आम्ही तेस्ताच्चो नावाच्या भागात एक छोटा फ्लॅट घेतला होता. तिसरा मजला, लिफ्ट एवढी चिंचोळी की बॅगा एका फेरीत आणि माणसं दुसऱ्या. सामान टाकून खाली उतरलो तर कोपऱ्यावर रस्त्यातच एक लोखंडी खांबाएवढा नळ, आणि त्यातून पाणी अखंड वाहतंय. धाकटा धावत गेला, चारी बाजूंनी फिरून आला आणि घाबऱ्या आवाजात म्हणाला, "आई, याला चावीच नाहीये! कुणीतरी नळ उघडा ठेवून गेलंय!" पुण्यातल्या सोसायटीत वाढलेलं पोरगं, टँकर आणि गुरुवारची पाणीकपात बघत मोठं झालेलं, त्याला वाहता नळ बघवेना. आणि मग ओघात आलंच, "आपल्याकडे असं केलं तर वॉचमन काका ओरडतील." पन्नास सेंट. रोमला पोचून अर्धा तासही झाला नव्हता.

या नळांना नासोने म्हणतात, म्हणजे मोठ्ठं नाक, तोटीच्या आकारावरून. १८७४ सालापासून शहरभर बसवलेत, आज साधारण अडीच हजार आहेत आणि पाणी थंडगार, पिण्याचं. आम्ही उभे होतो तेव्हा तिथे कुत्र्याला पाणी पाजायला आलेल्या एका आजोबांनी एक शब्द न बोलता धाकट्याचं बोट धरलं आणि तोटीच्या तोंडावर दाबलं. तोटीच्या वरच्या बाजूला एक बारीक भोक असतं, खालून वाट बंद झाली की त्यातून पाण्याची धार कारंज्यासारखी वर उडते आणि ओणवं न होता तोंड लावून पिता येतं. धाकट्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पुढचे सहा दिवस आम्ही रोममध्ये एका नळाकडून दुसऱ्या नळाकडे असेच फिरलो, मध्ये जे काही लागलं ते बघितलं असं म्हणायला हरकत नाही.

पाण्याचाच धागा धरून मी मग त्रेवीच्या कारंज्याला नेलं. गर्दी म्हणजे नवरात्रात महाद्वार रोडला असते तशी (हे मी मनात म्हटलं, मनातल्याला दंड नव्हता). निकोला साल्वीचं डिझाइन, १७६२ला पूर्ण झालेलं, ते भव्य आहे यात वादच नाही, पण मला आवडते ती त्याच्या पाण्याची गोष्ट. ख्रिस्तपूर्व १९ साली अग्रिप्पा नावाच्या माणसाने लांबून झऱ्याचं पाणी रोममध्ये आणलं, जमिनीखालून कालवा खणून, आणि मधली मोडतोड, दुरुस्त्या वगैरे धरून तीच पाण्याची वाट आजही त्रेवीला येते. थोरलीने हे ऐकून घेतलं. धाकट्याला नाणं दिलं, उजव्या हाताने डाव्या खांद्यावरून मागे टाकायचं म्हणजे परत रोमला येतो म्हणे. त्याने नाणं मुठीत घट्ट धरलं आणि विचारलं, "हे पैसे रात्री कोण घेतं?" म्हटलं, गोळा करून एका धर्मादाय संस्थेला देतात, गरिबांसाठी. मग टाकलं. हिशोबाला पक्का आहे, आजोबांवर गेलाय.

कलोसियमला आम्ही सकाळी लवकर गेलो. अठराखालच्या पोरांना तिकीट नाही, ही युरोपातली मला फार मनापासून आवडलेली गोष्ट. मी आपलं इसवी सन ८०, बादशहा टायटस, पन्नास हजार लोक असं सुरू केलं होतं, पण थोरलीचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. ती कमानींवर कोरलेले आकडे वाचत होती. नुकतेच शाळेत रोमन आकडे झालेले. आणि एकदम म्हणाली, "आई, हे चुकलंय." कुठे? तर ५४ नंबरच्या कमानीवर एल आणि पुढे चार काड्या. आमच्या बाईंनी शिकवलेला चार म्हणजे आय आणि व्ही. मग ४४ शोधला, तिथे तर आणखी गंमत, चाळीससाठी एक्स आणि एल, म्हणजे पन्नासातून दहा वजा, आणि पुढच्या चारला मात्र परत चार काड्या. "चाळीसला एक नियम आणि चारला दुसरा? बाईंनी लाल गोल केला असता." मला खरंच माहीत नव्हतं. रात्री शोधलं तर कळलं की रोमन लोक स्वतः दोन्ही पद्धतीने बिनधास्त लिहायचे, एकच एक नियम पक्का झाला तो खूप नंतर. म्हणजे आम्ही शाळेत ज्याच्यावर मार्क घालवले ते रोमन आकडे रोमनांनाच आले नसते. थोरलीने त्या कमानीचे सात फोटो काढले, बाईंना दाखवायला. उरलेल्या अख्ख्या कलोसियमचे तिच्या मोबाईलमध्ये दोन.

त्या आकड्यांचा उपयोग आजच्या स्टेडियमसारखाच. ऐंशी कमानी, त्यातल्या शहात्तर लोकांसाठी, नंबर घातलेल्या, उरलेल्या चार बड्या लोकांच्या. आपल्या नंबरच्या कमानीतून शिरायचं आणि थेट आपल्या बाकावर. थोरली आत जाऊन कठड्याला टेकली, खाली बघितलं, वर बघितलं आणि म्हणाली, "खासबागेसारखंच आहे की. कुठूनपण दिसतंय."

मी डबी पुढे केली. ती म्हणाली, "मी 'आपल्याकडे' म्हटलं नाही. खासबाग म्हटलं." वकील होणार ही.

तेवढ्यात धाकट्याने विचारलं की इथे हरलेला पैलवान नंतर घरी जायचा का. हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं आणि त्याची तयारी मात्र एक्सेलमध्ये नव्हती. मी सांगितलं की लढणारे बहुतेक गुलाम नाहीतर युद्धात पकडलेले लोक असायचे, प्रत्येक लढतीत कुणी मरायचंच असं नव्हतं, ग्लॅडिएटर तयार करायला मालकाला खर्च आलेला असायचा त्यामुळे पुष्कळदा हरलेल्याला सोडायचे, पण कधीकधी नाही सोडायचे. आणि लोक? लोक बघायला यायचे. खायला घेऊन. पोरं गप्प. मला ती शांतता सहन झाली नाही आणि मी घाईघाईने बोलून गेले, "आपल्याकडे बघ, पाठ लागली की कुस्ती संपली, दोघं हात मिळवतात, माती लावतात कपाळाला..." आणि दोघांनी एकदम डबी माझ्यापुढे धरली.

मी पन्नास सेंट टाकले. टाकताना वाटलं, शाहू महाराजांनीही हेच केलं असणार ना. इथे उभं राहून 'आपल्याकडे' म्हटलं असणार. इथून गोल आकार घेतला, बसायची सोय घेतली, आणि मरणं तेवढं इथेच ठेवून ते घरी गेले. त्यांना जर कुणी पन्नास सेंट दंड लावला असता तर?

तरी नियम लगेच मागे घेतला नाही मी. आईपणाचा इगो असतो एक.

पँथिऑनमध्ये, म्हणजे रोमनांच्या जुन्या देवळात, तो नियम आणखी ढिला पडला. बाहेरून खांब, वर अग्रिप्पाचं नाव (तोच, पाणीवाला), पण आज दिसते ती इमारत हॅड्रियन बादशहाच्या काळातली, इसवी सन १२५च्या आसपास पूर्ण झालेली. आत गेलं की वर तो अर्धगोल घुमट, जवळजवळ ४३ मीटर रुंद, सळई न घातलेल्या काँक्रीटचा, असा एवढा मोठा दुसरा अजून जगात नाही. आणि बरोबर मध्यभागी वर उघडं भोक. काच नाही, जाळी नाही. पाऊस आला की सरळ आत, फरशीला हलकासा उतार आणि पाणी जायला बारीक भोकं. आम्ही गेलो तेव्हा लख्ख ऊन होतं आणि भोकातून आलेलं उन्हाचं मोठं वर्तुळ भिंतीवर पडलं होतं. धाकटा त्या वर्तुळाकडे बघत उभा, आणि पाच मिनिटांनी ते किंचित सरकलंय हे त्याला दिसलं. मग तो तिथून हलेना.

थोरलीला मी सांगितलं की २१ एप्रिलला, रोमचा वाढदिवस मानतात त्या दिवशी, दुपारी बाराच्या सुमारास हे ऊन बरोबर दारावर पडतं, म्हणजे त्या वेळी जर बादशहा दारातून आत येत असेल तर तो उजेडात न्हाऊन निघणार. ती माझ्याकडे बघत राहिली, ओठ घट्ट मिटून. तिला काय म्हणायचंय ते मला कळत होतं, मलाही तेच म्हणायचं होतं, नवऱ्यालाही. अंबाबाईचा किरणोत्सव. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या शेवटी मावळतीचे किरण महाद्वारातून येऊन पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, मग कमरेवर, मग मुखावर पडतात आणि अख्खं कोल्हापूर श्वास धरून असतं, ढग येऊ नये म्हणून. आम्ही चौघं त्या घुमटाखाली उभे, चौघांच्याही तोंडावर एकच शब्द, आणि दंडाच्या भीतीने कुणी बोलत नाही. काय हा मूर्खपणा!

नवऱ्याने खिशातून दोन युरोचं नाणं काढलं, डबीत टाकलं आणि म्हणाला, "चौघांचे. आता बोला."

मग जे काही बोलणं झालं ते आमच्या रोमच्या ट्रिपमधलं सगळ्यात चांगलं. देवळाला दार कुठल्या दिशेला असावं हे कोण ठरवत असेल, त्यांच्याकडे पंचांग होतं का, ढग आले तर बादशहा थांबायचा का. पँथिऑनमध्ये पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या रविवारी त्याच भोकातून फायर ब्रिगेडचे लोक गुलाबाच्या पाकळ्यांचा वर्षाव करतात हे सांगितल्यावर धाकट्याला थेट जोतिबाचा गुलाल आठवला. तो रविवार आम्हाला मिळाला नाही, याची मला अजून हळहळ आहे.

त्या रात्री मी विचार करत बसले होते की दुबईतल्या त्या काकांच्या 'आपल्याकडे'मध्ये आणि या 'आपल्याकडे'मध्ये नेमका फरक काय. काकांचं वाक्य तिथेच संपायचं. तीस रुपयाला मिळतं, विषय संपला, आता बघायला काही उरलं नाही. पोरांचं वाक्य मात्र तिथून सुरू व्हायचं. मी सात वर्षांच्या पोराकडून अपेक्षा करत होते की त्याने रोममध्ये कोरी पाटी घेऊन शिरावं. त्याच्याकडे जी पाटी आहे तिच्यावर कोल्हापूर लिहिलंय, तो त्याच पाटीवर पुढे लिहिणार ना.

पण दंड चालूच ठेवला, कारण आता तो खेळ झाला होता आणि पोरं माझ्या तोंडावर डोळा ठेवून असायची.

पियात्झा नवोनात बर्निनीचं चार नद्यांचं कारंजं आहे, १६५१चं. चार खंडांच्या चार नद्या, डॅन्यूब, नाईल, दक्षिण अमेरिकेतली प्लाता आणि आशियाची गंगा. मी हे मुद्दाम शेवटपर्यंत सांगितलं नाही, म्हटलं ओळखा यातली गंगा कोणती. दोघंही बाई शोधत चारी बाजूंनी तीन वेळा फिरले. बाई नाहीच. शेवटी हातात वल्हं धरून रेलून बसलेल्या दाढीवाल्या दणकट बाप्याकडे बोट दाखवलं तर धाकटा चिडलाच. "गंगामाई आहे ती! माईला दाढी?" सांगितलं, रोमन लोकांच्यात नद्या पुरुष असायच्या, त्यांच्या स्वतःच्या तायबर नदीला ते बापच म्हणायचे. थोरली जरा विचार करून म्हणाली, "मग पंचगंगा म्हणजे पाच दाढीवाले." यावर आम्ही एवढे हसलो की शेजारच्या बाकावरचे लोक वळून बघायला लागले.

आणि त्याच चौकाच्या उत्तरेच्या टोकाला धाकटा ओरडला, "टाऊन हॉलवाला!"

खरंच तोच. नेपच्यून, भाला उगारलेला, पायाला विळखा घातलेल्या ऑक्टोपसशी झुंजणारा. कोल्हापुरातला वीतभर, हा भला थोरला. पोराने ओळखला कशावरून तर "दाढी आणि हात" वरून. मी आपलं माहितीफलक वाचून सांगितलं की हा पुतळा १८७८ला बसवलाय. नवऱ्याने पटकन हिशोब केला, म्हणजे आपल्याकडचा टाऊन हॉलचा याच्यापेक्षा सतराशे वर्षांनी तरी थोरला. पन्नास सेंट. व्हिडिओ कॉल लावून वडिलांना दाखवलं तर त्यांनी फोन डोळ्यांच्या अगदी जवळ नेला, त्यामुळे आम्हाला फक्त त्यांची भुवई दिसत होती, आणि म्हणाले, "हं. आमच्यासारखा नाही."

खाण्याचं सांगते. रोममधलं जेवण साडेसात-आठच्या आधी सुरू होत नाही आणि पोरांना सहाला भूक. त्यावर उपाय म्हणजे कापून विकायचा पिझ्झा, मोठ्या आयताकृती ताटातला, हाताने दाखवायचं एवढा, ते कात्रीने कापतात, वजन करतात आणि कागदात गुंडाळून देतात. वजनावर पिझ्झा, फरसाणासारखा, ही कल्पनाच पोरांना अफाट आवडली. तिथेच सुप्ली मिळतात, भाताचे तळलेले लांबट वडे, आत मोझरेला, तोडला की चीजची तार निघते म्हणून त्याला टेलिफोनचे सुप्ली म्हणतात. आता टेलिफोनला तार असायची हे पोरांना समजावण्यात दहा मिनिटं गेली, सुप्ली तोवर थंड.

काच्यो ए पेपे हा पास्ता मी डोळे झाकून मागवला होता. चीज आणि मिरपूड, बास, पोरांना आवडणारच. धाकट्याने एक घास घेतला आणि पाणी मागितलं. "तिखट आहे!" कोल्हापूरचं पोरगं, तांबड्या रश्श्यावर वाढलेल्या खानदानातलं, आणि मिरपुडीला हाय-हाय! नवऱ्याने मान खाली घातली. पण मिरचीची सवय वेगळी आणि मिऱ्याची वेगळी हे खरंच आहे, आणि गंमत म्हणजे आपली मिरची ही पोर्तुगीजांबरोबर आलेली, तशीच यांचा टोमॅटोही अमेरिकेतून आलेला, त्याच्या आधी दोघांच्याही जेवणात तिखट म्हणजे मिरंच. आणि ते मिरं जायचं आपल्या मलबारहून. फोरममध्ये, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकात, मॅक्सेंशियस बादशहाच्या बॅसिलिका नावाच्या सभागृहाखाली मिऱ्याची आणि मसाल्याची कोठारं होती. थोरला प्लिनी या रोमन लेखकाने तर चक्क रडगाणं लिहून ठेवलंय की भारत दरवर्षी आमचे पाच कोटी सेस्टर्स (त्यांची नाणी) ओढून नेतो. आणि इसवी सन ४०८ला गॉथ टोळ्यांचा राजा अलारिक याने रोमला वेढा घातला तेव्हा सोन्या-चांदीबरोबर तीन हजार पौंड मिरं मागितलं, आजच्या हिशोबाने जवळजवळ एक टन. धाकटा म्हणाला, "माझ्या ताटातलं पण द्या त्याला."

शनिवारी आमच्या तेस्ताच्चोतच एका साध्या खानावळीत गेलो. या भागात पूर्वी शहराचा मोठा कत्तलखाना होता, १९७५पर्यंत चालू. चांगलं मांस बड्या लोकांकडे जायचं आणि कामगारांच्या वाट्याला उरलेलं, आतडी, जीभ, शेपूट, कोथळा. त्याला इथे 'पाचवा चतुर्थांश' म्हणतात, चार भाग विकून झाल्यावर उरलेला पाचवा. त्यातूनच रोमचे सगळ्यात नावाजलेले पदार्थ तयार झाले. आणि इथे वार ठरलेले असतात, गुरुवारी न्योक्की, शुक्रवारी मासे, शनिवारी त्रिप्पा. (सासूबाईंना फोनवर सांगितलं, गुरुवारी बटाट्याचे गोळे खातात, तर म्हणाल्या, "म्हणजे उपासच की.") त्रिप्पा आला, टोमॅटोच्या रश्श्यात, वरून चीज आणि पुदिना. नवऱ्याने एक घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "वजडी." दुसरा काही शब्दच नव्हता. त्याची आजी चुलीवर करायची ती. पुण्यात आल्यापासून आमच्या घरी वजडी झालेली नाही, मला साफ करायचा कंटाळा आणि खरं सांगायचं तर जरा लाजही, सोसायटीत वास जाईल म्हणून. इथे त्याच वजडीसाठी पांढरे टेबलक्लॉथ घालून लोक रांग लावून बसलेले. थोरलीने चाखलं, धाकट्याने लांबून वास घेतला. मी मात्र गपचूप पावाने ताट पुसून खाल्लं.

व्हॅटिकनबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, म्हणजे व्हॅटिकनबद्दल आहे, आमच्याबद्दल नाही. पोरांना नाश्ता नीट न देता नेलं ही माझी चूक. सिस्टीन चॅपलमध्ये मायकेलअँजेलोचं छत डोक्यावर असताना धाकटा बापाच्या खांद्यावर झोपला होता, आणि तशी त्याचीच मान छत बघायला सगळ्यात योग्य कोनात होती, फक्त डोळे मिटलेले. त्याच्या बदल्यात अव्हेंटाइन टेकडीवर माल्टाच्या सरदारांच्या फाटकाचं किल्लीचं भोक आहे, त्यातून डोळा लावून बघितलं की झाडांच्या कमानीच्या बरोबर टोकाला सेंट पीटर्सचा घुमट दिसतो, एवढुसा, लाडवाएवढा. त्यासाठी दोघंही रांगेत चाळीस मिनिटं न कुरकुरता उभे राहिले. लार्गो अर्जेंतिनाला सीझरला मारलं ती जागा दाखवली, तर तिथे मांजरांचा आश्रम आहे, मग सीझर कोण आणि कसला. एकोणीस मांजरं मोजली म्हणे.

शेवटच्या संध्याकाळी डबी मोजली. साडेअकरा युरो. त्यातले साडेचार माझे, दोन पँथिऑनचे. तायबरच्या काठावर टपऱ्या आहेत, तिथे बर्फाची लादी हातानेच खरवडून ग्लासात भरतात, वर सरबत आणि फळं, त्याला ग्रात्ताकेका म्हणतात. नाव काही का असेना, रंकाळ्यावरचा गोळा तो. डबी तिथे रिकामी केली. धाकट्याने काला खट्टा आहे का विचारलं, नव्हता, तर त्याने चिंचेचं सरबत घेतलं, चिंच चक्क होती त्यांच्याकडे. बर्फ चोखत म्हणाला, "आपल्याकडे काडी असते." कुणी काही बोललं नाही. डबीही आता कुठे होती.

परत आल्यावर पंधरा दिवसांनी कोल्हापूरला गेलो. वडिलांना फोटो दाखवले, ४४ नंबरची कमान दाखवली, त्यांनी शांतपणे सांगितलं की जुन्या घड्याळात पण चार काड्याच असतात, आणि भिंतीवरचं आजोबांच्या काळातलं घड्याळ दाखवलं. होत्या. थोरलीने आयुष्यात पहिल्यांदा ते घड्याळ नीट बघितलं असेल.

दुपारी आम्ही घाटावर गेलो. वाटेत सार्वजनिक नळ, तोटी गळत होती. धाकटा धावत गेला, बोट तोटीवर घट्ट दाबलं आणि तोंड वर करून वाट बघत उभा राहिला. पाणी बाजूने फिसकारलं आणि त्याचा शर्ट, माझी साडी, आजोबांचं धोतर सगळं ओलं.

"आजोबा," तो तोंड पुसत म्हणाला, "याला वर भोकच पाडलं नाहीये."

वडील वाकले, तोटी बघितली, वरून बोट फिरवलं. "पाडू की," म्हणाले.